स्लेट

लॉकर्बीहून बस दिवसाला दोनच.
ड्रायव्हरने विचारलं, कुठला मठ?
दरीत तीन आहेत,
दुकान मात्र एकही नाही.

आबा माझ्या जाड कोटात, बाह्या दोनदा दुमडून,
खिशात पासपोर्ट आणि भाजलेले शेंगदाणे.
एकतीस वर्षं त्यांनी पितळखोऱ्याला पहारा दिला,
रिकाम्या विहारांना, वटवाघळांना,
आणि शनिवारी येणाऱ्या कॉलेजच्या पोरांवर नजर ठेवली,
जी खांबावर खिळ्याने बदाम कोरायची.
भिक्खू तिथे त्यांना दिसला नाही कधी.
दिसायचे दगडी ओटे,
निजलेला आत्ताच उठून गेल्यासारखे.

पहिला मठ तिबेटी. लाल, सोनेरी,
कुंपणाला घासणाऱ्या मेंढ्या.
आबांनी मान वर केली, म्हणाले,
रंग ताजा आहे.
एवढंच.

दुसरा मठ म्हणजे पूर्वीची शाळा.
भिंतीकडे तोंड करून सहा माणसं बसलेली.
दारातून त्यांच्या पाठी आबा बघत राहिले,
मग बाहेर बूट चढवताना पुटपुटले,
याला भिंत चांगली लागते.

तिसऱ्याला रस्ता नाही.
ओढ्याच्या काठाने दीड मैल,
कमरेएवढं ओलं नेचं,
आणि शेवटी एक जुना मेंढवाडा
ज्यात आता चार भिक्खू, दोन भिक्खुणी.
सुमना मूळची डंडीची, आधी दातांची डॉक्टर.
तिला आबांचे प्रश्न, माझ्या मार्फत:
पाणी कुठून येतं?
दिवा कुठे ठेवता?
निजता कशावर?

तिने झऱ्याची टाकी दाखवली.
आबांनी झाकण सरकवून कोपरापर्यंत हात घातला.
पोढी, म्हणाले.
शिलालेखातला शब्द, कुणा साहेबाकडून ऐकलेला;
घरी रांजणालाही ते पोढीच म्हणायचे
आणि आई हसायची.
हा शब्द मी सुमनाला सांगितला नाही. कसा सांगणार?

मग खोली. एक फळी, घोंगडी,
खिडकीत चष्मा, काडी एका बाजूने चिकटवलेली.
ताप बघावा तसा
आबांनी फळीवर तळवा ठेवला.
कुणीतरी निजतं इथे, म्हणाले.
तो प्रश्न नव्हता.

तिसरण म्हणताना
तिच्या सरणंमधला र खडीवरून गाडी जावी तसा,
आबांचा ण कन्नडच्या आठवडी बाजारातला.
दिवसभरात पहिल्यांदाच
दोघांना माझी गरज नव्हती.

बाहेर पाट्यांची चवड. छप्पर गळतं इथलं.
वीस पौंड द्या, स्लेटवर नाव लिहा, ती वर चढेल.
आबांनी मला एकेक वाचायला लावलं:
आमची कुत्री नेल, तिच्या आठवणीत.
सहावीचा वर्ग.
आयलीन, उशिरा का होईना.
आमच्याकडेही असंच आहे, आबा म्हणाले.
पैठणचा एक अत्तरवाला, एक राजवैद्य.
जुन्नरला तर यवनांचीसुद्धा नावं.
मग स्वतःशीच हसले: इथे यवन मीच.

पांढऱ्या रंगाने, जीभ दातात धरून, त्यांनी लिहिलं:
सटवाजी निकाळजे, पहारेकरी, यांचं दान.
निवृत्त लिहायचं राहिलं, मी म्हटलं.
नाही राहिलं, म्हणाले.

ही टिकते किती?
शंभर वर्षं तरी, सुमना अभिमानाने म्हणाली.
आबांनी माझ्याकडे पाहिलं. बस?
काय म्हणतात, तिने विचारलं.
मी म्हटलं, छान म्हणतात.

परतीच्या बसमध्ये शेंगदाण्यांची सालं
ते मुठीत जमवत होते.
मेंढ्या अंधारात एकेक विझत गेल्या.
विचारायचंच राहिलं, आबा अचानक म्हणाले,
रात्री कुलूप कोण लावतं?
मी दार पाहिलं होतं.
कुलूप नाही तिथे, आबा. कडीसुद्धा नाही.

मग लॉकर्बी येईपर्यंत
ते जागेच राहिले.