आ करा

डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्यात समुद्र आहे,
चार फूट बाय दीड फूट,
राजारामपुरी, सातवी गल्ली.
दर रविवारी मी तो कालवते.
फिल्टरचं पाणी, पिशवीतलं मीठ,
काटा एक पॉइंट झिरो पंचवीसवर आला की थांबायचं.
खरा समुद्र करूळ घाटाच्या पलीकडं आहे म्हणतात.
मी गगनबावड्यापर्यंत गेलेय. धुकं होतं.

बोटाएवढा मासा. अंगावर निळं,
मधून काळा पट्टा, तोंडाशी बारीक, शेपटीकडं रुंद,
कुणी ब्रश टेकवला आणि दाबत दाबत ओढत नेला तसा.
डॉक्टर त्याचं इंग्रजी नाव सांगतात.
मी त्याला कंपौंडर म्हणते.
दगडापाशी त्याची जागा ठरलेली,
तिथं तो शेपटी उडवत वरखाली नाचला
म्हणजे दवाखाना उघडला.
मग येतो पिवळा सर्जन.
नावच ते, पण शेपटीच्या मुळाशी खरी सुरी मिटवून ठेवलेली.
एवढा ऐटबाज गडी, डोकं खाली करून उभा राहतो,
कल्ले फाकवतो,
आ करतो.
कंपौंडर तोंडात डोकं घालतो,
दातांपाशी टिपत, कल्ल्याच्या कडेनं फिरत.
गिळत नाही त्याला कुणी.

"आ करा," डॉक्टर म्हणतात.
शिवगोंडा नेजे, आवाज गल्लीत न मावणारा,
आ करतात आणि डोळे मिटून घेतात.
आत गुळाची तीस वर्षं.
मी नळी धरते. थुंकी गुर्रगुर्र ओढली जाते.

एकदा डबा खाताना डॉक्टरांनी सांगितलं,
अक्काताई, कंपौंडरला किडे खरे आवडतच नाहीत.
त्याला आवडतो माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर.
किडे खायचे ते धंद्यापायी.
मधूनच तो थराचा चावा घेतो,
गिऱ्हाईक दचकतं, अंग झटकतं, मागं लागतं.
पण दुसरं गिऱ्हाईक बघत असलं ना,
तर सरळ वागतो.
हे सांगून डॉक्टर हसले,
आणि थांबले.
त्या दुपारी बाकावर कुणी नव्हतं.
खुर्चीत एकटं पोरगं, कसबा बावड्याचं.
त्याला कॅप लागणारच होती का, मला काय कळणार.
मी दहावी नापास.

समुद्रात म्हणे एक नर आणि चार-पाच माद्या.
नर मेला की थोरली मादी दोन तासांत
त्याच्यासारखी हद्दीवर फिरायला लागते,
दोन-तीन आठवड्यांत नरच होते.
तेरावं नाही, काही नाही.
आमच्या टाकीत हा एकटाच.
थोरला कोण, धाकटा कोण, कुणाला विचारायचं?

तोंडात घालायचा बारका आरसा मी काचेला लावून बघितला.
पहिल्या दिवशी धडका मारल्या.
चौथ्या दिवशी उलटा होऊन पोहला, स्वतःकडं बघत.
मग गळा वाळूवर घासून आला
आणि परत आरशापुढं उभा राहिला,
गेलं का डाग, असं.

पण त्याच्या पोटाशी खड्डा पडत चाललाय.
मी टाकी इतकी स्वच्छ ठेवते
की सर्जनच्या अंगावर काढण्यासारखं काही उरत नाही.
तरी हा रोज नाचतो,
तरी तो रोज आ करतो.
कोळंबीचा चुरा टाकला तर
हा बघतो, हुंगल्यासारखं करतो, सोडतो.

रात्री लाइट घालवली की दगडाच्या फटीत शिरून
स्वतःभोवती चिकट पिशवी करतो,
काचेपेक्षा पातळ, आत झोपतो.
सकाळी शटर वर करते तेव्हा
ती फाटून फिल्टरच्या जाळीला लागलेली असते.
बोटानं काढते. वजनच नसतं तिला.

या रविवारी मी पाणी बदललं नाही.
काचेवर हिरवट आलंय, येऊ दे.
काय येतंय त्यातनं बघू.
डॉक्टरांनी विचारलं तर सांगेन,
मीठ संपलंय.