रकाना क्रमांक सात

फॉर्म सोळा पानांचा. सहा रकाने भरून झाले:
बान मल्सुन, वय अडुसष्ट, राहणार ओक्पो, गोजे बेट.
जहाज कारखान्यात टच-अप पेंटर, ठेकेदारामार्फत.
वर्षं बावीस.
सातव्यात विचारलंय, कोणता पदार्थ.

आई म्हणते, लाल.
मग थांबते. आधी लाल, त्यावर राखाडी, मग परत लाल.
डब्यावर नाव नसायचं गं, नंबर असायचा,
आणि नंबरावरून ओघळ आलेला.

पुरुषांचा स्प्रे फिरून गेला की हिचं काम सुरू.
नळी पोचत नाही तिथे ब्रश घेऊन शिरायचं,
टाकीच्या तळाशी, लोखंडी फासळ्यांच्या मागे,
बॅटरी दातांत धरून.
पंखा एकच, तोही वेल्डरांकडे वळवलेला.
संध्याकाळी वर आल्या की चौघीजणी हसत सुटायच्या,
कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
थिनर चढायचा. आम्हाला वाटायचं, दिवस चांगला गेला.

तो वास मला आईचा वास वाटायचा.
वर्गातल्या एका मुलीच्या आईला तो नव्हता,
तेव्हा मला त्या मुलीची कीव आली होती.

आता हिचं नाकच गेलंय.
गेल्या महिन्यात रस्सा करपून भांड्याचा कोळसा झाला,
ही शेजारीच लसूण सोलत बसलेली.
रक्ताचं डॉक्टर बोलले ते मी तिला निम्मंच सांगितलं.
उरलेलं तिला ठाऊक असावं,
कठड्याच्या चौघींतल्या दोघी उरल्यात.

कचेरीतला माणूस वाईट नाही.
खुर्ची पुढे करतो, कोमट पाणी देतो,
तिचे हात थरथरतात तेव्हा दुसरीकडे बघतो.
ठेकेदाराची कंपनी तीनदा नाव बदलून बुडाली, हे त्यालाही माहीत आहे.
निदान जहाजाचं नाव? तो विचारतो.

नावं नंतर ठेवायचे, आई म्हणते.
बँड लागायचा, फुगे सोडायचे.
आम्हाला त्या दिवशी गेटाच्या आत घेत नसत.

तो पेनाचं टोपण लावतो. काढतो. परत लावतो.

परतीच्या बसमध्ये, बोगदा संपल्यावर,
ती विचारते, काय लिहिलंस शेवटी?
रकाना कोराच आहे.
लाल, मी सांगते.

आणि राखाडी?