मापात

बोहरी आळीत दुकानदार म्हणाला, कोणता रंग?
म्हटलं, ज्वारीच्या भाकरीचा,
फुगलेल्या बाजूचा.
त्यानं बरोबर तोच गुंडा काढला.

खडकीत लेथवर तीस वर्षं गेली.
आता सुई क्रोशाची. साखळी, खांब,
एकाआड एक खांब पुढून उचलला
की उठाव येतो;
बोटांना आधी कळतो.

पेपर टाकणाऱ्या इम्तियाजचं डोकं
मोजू कसं?
जिन्यात त्यानं ठेवलेलं हेल्मेट
वितीनं मोजलं, चोरासारखं.

पाषाणला पहाटे आठ अंश.
टोपी दिली. हेल्मेटखाली मावेना.
उठाव आडवा आला.

उसवतोय.
लोकर लगेच सरळ होत नाही,
जुने टाके धरून बसते.

दाराशी पेपर पडतो.
“काका, घाई नाही,” तो म्हणतो
आणि कान चोळतो.