रस्त्यापासून सहा इंच

काल रेल्वेचे रूळ ओलांडताना
मागून आवाज आला, पातेलं पडल्यासारखा.
हार्लन म्हणाला, पातेलंच असेल.
पातेलं नव्हतं.

म्हणून आज सकाळी
नॉर्थ डकोटात, बिटाच्या शेताच्या कडेला,
गवतावर हिम धरलेलं असताना
जुनं गोणपाट अंथरून
मी माझ्या घराखाली उताणी पडले आहे.
नाकासमोर काळा नळ, तीन इंची,
एका बाजूनं सुटून लोंबणारा,
रस्त्यापासून जेमतेम सहा इंच.

हार्लनला वाकता येत नाही, मार्चमध्ये खुबा बदललाय.
तो खुर्चीत बसून एकेक स्क्रू देतो
आणि सल्ले.
स्क्रू मोजून बारा आहेत.

वर दोन टाक्या.
एकीत भांड्यांचं, आंघोळीचं पाणी.
दुसरीत ते,
ज्याचं नाव पाहुण्यांसमोर घेत नाहीत.
पक्क्या घरात होतो तेव्हा कळ दाबली की गेलं.
कुठं गेलं, चाळीस वर्षं विचारलं नाही.
आता ते आमच्याबरोबर हिंडतं,
चढावर मागे सरकतं, उतारावर पुढे,
आणि ब्रेक लावला की
आमच्यापेक्षा एक क्षण उशिरा थांबतं.

बॅटरीच्या उजेडात दिसलं:
नळाच्या दुसऱ्या टोकाला कातडी पट्टा.
कमरेचा. बक्कल पितळेचं, त्यावर उडी मारणारा मासा.
चिखल पुसला तर ठोकलेली अक्षरं:
एल्रॉय.

ट्रेलर विकताना त्याची बायको म्हणाली होती,
खालचं सगळं ठीक आहे, त्यांनी स्वतः केलंय.
आम्ही खाली बघितलंच नव्हतं.
पट्ट्याला पाच भोकं कारखान्याची, एका ओळीत.
मग आतल्या बाजूला आणखी तीन,
खिळ्यानं पाडलेली, वेडीवाकडी.
शेवटचं तर फारच आत.

काय झालं? हार्लननं विचारलं.
काही नाही, म्हटलं, पाना दे.

नवी पट्टी जस्ताची, भोकाभोकांची,
फुटावर मिळते.
दुकानातली सोलवेग म्हणाली होती,
आमच्याकडे गाई सोडून सगळं हिनंच बांधतात.
मी दहा फूट घेतली, सहा पुरली असती.
एक फेरा कोपराजवळ, एक झडपेच्या अलीकडे,
पट्टी आणि नळ यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
म्हणजे लोखंड प्लास्टिकला चावणार नाही.
फुटाला पाव इंच उतार. तो मात्र हवाच,
नाहीतर सगळं तिथंच बसून राहतं.

फार आवळू नकोस, हार्लन म्हणाला,
थोडं हलू द्यावं, नाहीतर सांध्यात तडकतो.
हे तो नळाबद्दलच बोलत होता.
एवढ्या वर्षांत हार्लन
जे समोर आहे त्याच्याखेरीज
कशाबद्दलही बोललेला नाही.

नववा स्क्रू केसांत पडला. तो सापडेना.
दहावा लावला.
गंज डोळ्यांत, बोटं बधिर,
आणि कुठूनसा कॉफीचा वास,
पलीकडच्या गाडीतला,
ज्यांची रात्रपाळी संपली त्यांचा.
आमची दुपारी बाराला सुरू होते:
बारा तास, बिटांचे डोंगर,
प्रत्येक बीट माणसाच्या डोक्याएवढं,
धुतलेलं नाही.

एल्रॉयचा पट्टा काढणार होते.
बक्कलला हात घातला, निघालंही असतं.
राहू दिला.
आता त्याच्यावर काही भार नाही,
सातव्या भोकात अडकवलेला
आहे नुसता.

अकराला मुकादमानं जागा बदलून दिली,
रुळांच्या पलीकडे, नळाजवळ. पिण्याच्या.
गाडी जोडली. हार्लननं काच खाली केली.
फाटकाशी वेग माणसाच्या चालीइतका.
पहिला रूळ.
दोघांनी श्वास धरलेला.
दुसरा.

मागून आवाज आला.
उतरून बघितलं, आधी खाली, गुडघे टेकून,
मग आत.

पातेलं होतं.
झाकणासकट.