मालकाचे नाव

गोचीड फुगली की एरंडाच्या बीसारखी दिसते.
तशीच राखी, तशीच चकचकीत.
पायाखाली आली तर फुटते, अन् मग फरशीवरचं रक्त
कोणाचं, ते सांगता येत नाही.

सरजाबाई कोवेनं चाळीस काढल्या,
एका डाव्या कानातून,
लेकीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं.
ऑटोवाल्याकडून मागितलेल्या डिझेलात बुडवून आणल्या.
बाटली टेबलावर ठेवली. "मोजा साहेब."

मी साहेब नाही, परिचर आहे.
साहेबांकडे तीन गावांचा चार्ज;
आमच्या वाट्याला मंगळवार, शुक्रवार.
शुक्रवार होता, एवढंच कुत्रीचं नशीब.

नाव चिंधी. मुक्काम एसटीचा निवारा.
सकाळच्या हिंगणघाट गाडीवर भुंकते,
दुपारच्या गाडीवर नाही. का, ते तिलाच ठाऊक.
चार दिवसांपासून कोणत्याच गाडीवर भुंकली नव्हती.

साहेबांनी ओठ वर केला:
हिरड्या भिजवलेल्या पोह्यासारख्या.
ताप एकशे पाच. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.
कानाच्या टोकाला सुई लावून थेंब काचेवर ओढला,
रंगात बुडवला, धुतला, वाळवला,
मायक्रोस्कोपला डोळा लावला
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.
"बघ गणवीर."

मी बघितलं.
गोल गोल लाल पेशी, आणि एकीच्या पोटात
जवसाचे दोन दाणे, टोकाला टोक लावून.
इतके सुबक
की आजार म्हणवेना.

औषध होतं. आलेलं गायी-बैलांसाठी.
रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, इतर.
इतरच्या पुढचा रकाना: मालकाचे नाव.

सरजाबाई दोन पावलं मागं सरली.
"माही नाही बाप्पा. मी त तिथं भजे तळतो फक्त.
उरलंसुरलं टाकतो. माही म्हटलं,
अन् उद्या कोनाले चावली, त माह्यावरच येईन."

खोटं नव्हतं. नेवारेंच्या पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं
तेव्हा ज्यानं त्याला कधी एक भाकर टाकली होती
त्याच्या दारात निम्मं गाव उभं होतं.
तरी ती गेली नाही. उभी राहिली,
बाटलीचं झाकण घट्ट करत,
आधीच घट्ट असलेलं.

साहेबांनी पेन माझ्यासमोर ठेवला
आणि हात धुवायला गेले.
नळाला पाणी नव्हतं, तरी बराच वेळ धुतले.
लिहिलं मी. काय लिहिलं ते सांगत नाही,
ऑडिट व्हायचं आहे अजून.

पंधरवड्यानं हिंगणघाट गाडीवर भुंकली.
कंडक्टरनं शिवी दिली.
सरजाबाईनं मला भजे दिले, पैसे घेतले.

संध्याकाळी निवाऱ्याच्या भिंतीवर टॉर्च मारला.
'स्वच्छ गाव'मधल्या 'स्व'चा पोपडा सुटलाय, तिथून
खसखशीएवढी पिल्लं वर चढत होती,
सहा-सहा पायांची.
साहेब म्हणतात, पुढं आठ होतात.
भेगेत तर मोजदादच नाही.

आपला फवारा दुरुस्तीला वर्ध्याला गेलेला, दिवाळीपासून.
घरून चुना आणला, बादली, जुना कुंचा.
चिंधी त्याच भेगेला पाठ लावून पसरली होती.
"उठ," म्हटलं.
उठली नाही.
मी तिच्या भोवतीनं
लावायला घेतलं.