आउरलँडचा फाटा

आउरलँडच्या फाट्यावर दोन पाट्या.
एक रस्ता चोवीस किलोमीटरचा, सगळा डोंगराच्या पोटातून.
दुसरा दुप्पट लांब, डोंगराच्या डोक्यावरून,
उन्हाळा लागल्याशिवाय न उघडणारा.

मी गाडी हळू केली.
म्हटलं, गुडवाइग आत्या, डॉक्टरची वेळ अकराची,
आता साडेनऊ. वरून गेलो तरी पोचू.
वर अजून बर्फाच्या भिंती आहेत,
रस्त्यात मेंढ्या, खाली फ्योर्डचं पाणी...
मी असा सांगत होतो
जणू डोंगर माझ्या मालकीचा
आणि तिला दाखवायचा राहून गेलाय.
ऑपरेशन डोळ्याचं. न जाणो.

तिच्या मांडीवर पिशवी:
थर्मास, ब्रेड, तपकिरी चीजचा तुकडा,
दवाखान्यात घालायच्या सपाता.
"वरून मी सव्वीस वर्षं गेलेय," ती म्हणाली,
"बसमध्ये, पुढच्या बाकावर, पायांत बादली धरून.
सिग्नेच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा नोव्हेंबर होता.
फाटक लागलेलं.
तुम्हाला देखावा असेल रे.
आम्हाला तो मध्ये पडलेला डोंगर होता.
बोगद्यानं चल."

बोगदा.
रेडिओ खरखरून गप्प झाला.
दिवा, दिवा, दिवा, दिवा,
मी जांभई देणार तोच आत्या सरळ होऊन बसली.
मोतीबिंदूचा डोळा आणि दुसरा, दोन्ही टक्क उघडे.
"इथं पाणी लागलं होतं."
"इथं सुरुंग फुटला नाही म्हणून अर्धा दिवस सगळे बसून."
मला नुसती भिंत दिसत होती, करडी, ओबडधोबड,
आणि ती खिडकीला नाक लावून
ओळखीची घरं मोजावीत तसे दगड मोजत होती.

आर्नफिन काका घरी यायचा
तेव्हा त्याच्या कानांतून दगडाची पूड निघायची.
ती कापसाच्या बोळ्यानं काढायची आणि विचारायची,
आज किती? तो सांगायचा, पाच मीटर.
सहा. चार.
असा तो डोंगर त्यांच्या स्वयंपाकघरात
रोज रात्री थोडा थोडा संपत गेला.

दुसऱ्या गुहेपाशी म्हणाली, थांब.
तिथं बोगदा एकदम रुंद होतो, निळा उजेड,
कडेला खालून पिवळा, पहाट व्हायला आल्यासारखा.
मला माहीत होतं, ते दिवे
चालकाला झोप येऊ नये म्हणून लावलेत.
मी ते बोललो नाही.
ती उतरली. थर्मासचं झाकण उघडलं,
दोन घोट घेतले, तिसरा भिंतीवर ओतला.
एक ट्रक भोंगा वाजवत गेला.
"डबा इथंच खायचा तो," एवढंच,
आणि सीटबेल्ट लावून घेतला.
आम्ही वीस मिनिटं लवकर पोचलो.

परतताना तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी.
मी न विचारता गाडी वरच्या रस्त्याला घातली.
ती काही बोलली नाही.
मग मीच बोलू लागलो:
आत्या, हे बघ, बर्फ गाडीपेक्षा उंच,
त्यात मातीच्या रेघा आहेत, केकमध्ये असतात तशा.
तळं अर्धं गोठलंय, अर्धं हिरवं.
एक मेंढी रस्त्यात बसलीय, उठायला तयार नाही.
एक म्हातारा जर्मन तिचा फोटो काढतोय,
मेंढीपेक्षा तोच जास्त...

शेजारून घोरण्याचा आवाज.
तोंड उघडं, पट्टी जराशी सरकलेली.
तरी मी सांगत राहिलो, का कोण जाणे,
आवाज खाली आणून, वळण येईल तसं.
ढग खाली आहेत, आत्या.
आता नाहीत.
आता फ्योर्ड दिसतोय. इतका खाली
की त्यातली बोट हलतेय की नाही ते कळत नाही.

आउरलँडच्या शेवटच्या वळणाला ती जागी झाली,
चांगल्या डोळ्यानं घड्याळ न बघताच म्हणाली,
"पोचलो? लवकर आलो की.
बघ, मी म्हटलं नव्हतं, बोगद्यानंच बरं."