लोखंडाचं बारसं

एरी सरोवराकाठी, बंद तिकीटघरात
सहा माणसं आणि गार झालेली कॉफी.
नव्या रोलर कोस्टरला नाव हवंय.
फळ्यावर जुनंच लिहिलंय: धूमकेतू.
तो लाकडी होता. तीन वर्षांपूर्वी पाडला.
लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, मार्लिस म्हणते,
तिकिटंही खपतील.

वेन्डेल क्रुपा, चाळीस वर्षं ब्रेक ओढलेला,
नखांतलं ग्रीस अजून न गेलेला,
म्हणतो,
माझ्याआधी एक वेन्डेल होता.
सहा महिन्यांचाच गेला. त्याचंच नाव मला.
आई हाक मारायची,
मी धावत जायचो
आणि ती बघायची
माझ्या जरा मागे.

कुणीतरी फळा पुसला.
ओल सुकली तसा
धूमकेतू परत दिसू लागला,
शेपटीकडून.